खडी पाडकामातच घडते

पुणे-मुंबईत जुन्या सोसायटीच्या सभेत पुनर्विकासाचा विषय निघाला की चर्चा ठरावीक गोष्टींभोवती फिरते: जादा कार्पेट किती, कॉर्पस किती, भाडं किती महिने मिळणार, पार्किंग कुणाच्या वाट्याला. सध्या उभी असलेली इमारत पाडायची कशी, हे कुणी विचारत नाही. विकासक म्हणतो, ते आमच्याकडे लागलं. सभासदांनाही त्यात काही गैर वाटत नाही. ज्या घरात तीस-चाळीस वर्षं काढली त्याच्या स्लॅबचं पुढे काय होतं, याची चौकशी करायची असते हेच मुळात कुणाला सुचत नाही. हे पुस्तक नेमकं त्या न विचारलेल्या प्रश्नापासून सुरू होतं, म्हणून त्याला प्रस्तावना लिहायचं मी आनंदाने कबूल केलं.

आधी थोडा हिशेब मांडतो. पाडकामातून किती माल निघतो याचा एक ठोकताळा ‘टायफॅक’ या केंद्र सरकारच्या तंत्रज्ञानविषयक परिषदेने २००१ च्या सुमारास दिला होता आणि तो अजून सगळीकडे वापरला जातो. नव्या बांधकामात दर चौरस मीटरला ४० ते ६० किलो कचरा होतो, तर इमारत पाडताना तोच आकडा ३०० ते ५०० किलोंवर जातो. सोळा फ्लॅटची, तळमजला अधिक तीन मजल्यांची साधी इमारत धरा. बांधकाम क्षेत्र हजार चौरस मीटर. म्हणजे ३०० ते ५०० टन राडारोडा, दहा टनी डंपरच्या तीस ते पन्नास खेपा. एका गल्लीतल्या एका बिल्डिंगचा हा आकडा आहे. २०१६ च्या केंद्रीय नियमांनी दिवसाला २० टन किंवा एका प्रकल्पात महिन्याला ३०० टन ही जी मर्यादा घातली, तिला ही सोळा बिऱ्हाडांची बिल्डिंगसुद्धा सहज गाठते. त्या मर्यादेपुढे गेलं की काँक्रीट वेगळं, माती वेगळी, लोखंड-लाकूड-प्लॅस्टिक वेगळं, विटा आणि मसाला वेगळा असे ढीग करणं आणि त्याचा आराखडा स्थानिक संस्थेला देणं बंधनकारक झालं. आपल्या शेजारची इमारत पडताना असे चार ढीग कुणी पाहिले असतील तर त्यांनी स्वतःला भाग्यवान समजावं.

देशभराचा आकडा विचाराल तर गंमत आहे. टायफॅकच्या वेळचा अंदाज वर्षाला सव्वा-दीड कोटी टनांच्या आसपास होता. पुढे बीएमटीपीसी या केंद्रीय गृहनिर्माण खात्याच्या संस्थेने १५ कोटी टन म्हटलं. दहापट फरक. बांधकाम वाढलं हे खरं, पण एवढी तफावत पडायचं मुख्य कारण म्हणजे या मालाचं वजनच कुणी करत नाही. वजनकाटा लागतो तो प्रक्रिया प्रकल्पाच्या फाटकावर, आणि तिथपर्यंत पोचणारा माल मुळात थोडा. दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंटने २०२० मध्ये म्हटलं होतं की या कचऱ्यापैकी जेमतेम एक टक्का परत वापरात येतो. त्यानंतर प्रकल्प वाढले आहेत, पण उरलेलं कुठे जातं हे सांगायला संस्थेची गरज नाही. मुळा-मुठेच्या पात्रात, ठाण्याच्या खाडीकाठच्या तिवरांत, बायपासच्या कडेला रात्री रिकामे होणारे डंपर सगळ्यांनीच पाहिले आहेत.

मात्र पाडलेल्या इमारतीतलं काहीच परत वापरलं जात नाही असं समजणं चूक ठरेल. आपल्याकडे पाडकाम करणारा ठेकेदार बऱ्याचदा मालकाकडून पैसे घेत नाही, उलट मालकालाच देतो. त्याचा नफा सळईत असतो. शिवाय सागवानी चौकटी, ग्रिल, वायर, नळ, जुन्या शहाबादी फरशा, शाबूत कमोड आणि बेसिन. या सगळ्याला बाजार आहे, भाव आहे, ओळखीचे व्यापारी आहेत आणि त्यासाठी कुठलाही नियम लागलेला नाही. कुर्ल्याला किंवा पुण्यातल्या जुन्या बाजारात गेलात तर अख्खं घर सुट्या भागांत मिळेल. भाव नसलेलं जे उरतं ते काँक्रीट, विटा, गिलावा आणि माती. त्यातही खरी अडचण अशी की भाव असलेली सळई काढण्याच्या घाईतच भाव नसलेल्या मालाचा काला होतो. पोकलेनला ब्रेकर लावून स्लॅब ठेचायचा, सळई ओढून गॅसकटरने तोडायची, आणि खाली विटा, पीओपी, टाइल्स, बाथरूमचं वॉटरप्रूफिंग, माती, प्लॅस्टिकच्या पिशव्या सगळं एकाच ढिगात. हा ढीग पुढे कितीही भारी क्रशरमध्ये घातला तरी त्यातून चांगली खडी निघणं अवघड. लेखकाने पुस्तकभर जे सांगितलं आहे आणि मला जे मनापासून पटतं ते हेच: पुनर्वापराच्या खडीचा दर्जा पाडकामाच्या जागेवरच ठरतो. कारखान्यात तो थोडाफार सुधारता येतो, घडवता येत नाही.

हे समजायला या खडीच्या पोटात डोकवावं लागेल. आपली नेहमीची खडी म्हणजे दख्खनचा काळा पाषाण. घट्ट, जड, विशिष्ट गुरुत्व २.८ ते २.९, पाणी शोषण्याचं प्रमाण टक्का-दीड टक्का. जुनं काँक्रीट फोडून जी खडी मिळते तिच्यात हाच दगड असतो, पण एकटा नसतो. शेंगदाण्याची चिक्की फोडली की प्रत्येक दाण्याला गूळ चिकटून राहतो, तसा या दगडाला जुन्या सिमेंट-वाळूचा थर चिकटलेला असतो. तो सच्छिद्र असतो, फोडताना त्यात बारीक भेगा पडलेल्या असतात. त्यामुळे विशिष्ट गुरुत्व २.३ ते २.५ पर्यंत घसरतं आणि पाणी शोषण्याचं प्रमाण चार ते सहा टक्क्यांवर जातं. विटांचे तुकडे मिसळले असतील तर त्याहून वर. नव्या काँक्रीटमध्ये दगड आणि सिमेंट यांच्यामधला जो नाजूक सांधा असतो, तो इथे दोनदा येतो: एकदा जुन्या सिमेंटचा मूळ दगडाशी आणि एकदा नव्या सिमेंटचा जुन्याशी. काँक्रीट फुटतं ते बहुधा तिथूनच.

साइटवर सगळ्यात जास्त गोंधळ पाण्यामुळे होतो. एक घनमीटर काँक्रीटमध्ये साधारण ११०० किलो जाड खडी आणि १८० लिटर पाणी लागतं. सगळीच खडी पुनर्वापराची वापरली आणि ती पाच टक्के पाणी पिणारी असली, तर ५५ लिटर पाणी तिच्याच पोटात जाणार. पाण्याचा जवळपास तिसरा हिस्सा झाला. मिक्सरमधून निघताना माल बरा दिसतो, दहा मिनिटांत घट्ट होतो. मग जे व्हायचं तेच होतं. स्लॅबवरून हाक येते, ‘पाणी वाढव रे!’, आणि पाइप सोडला जातो. अठ्ठावीस दिवसांनी क्यूब कमी भरतात तेव्हा दोष खडीवर जातो. खरं तर उपाय सोपा आहे: खडी आदल्या दिवशी भिजवून ठेवायची आणि वापरताना तिच्या ओलाव्याचा हिशेब पाण्यातून वजा करायचा. आयएस ३८३ या भारतीय मानकाच्या २०१६ च्या आवृत्तीत हेच आहे. साधारणपणे पाच टक्क्यांपर्यंत शोषण चालेल. दहा टक्क्यांपर्यंत चालवायचं असेल तर खडी आधी भिजवलेली हवी. खडी भिजवणं काही आपल्याला नवं नाही. उन्हाळ्यात क्रशरवरून तापून आलेल्या खडीवर पाणी मारायचं हे कुठलाही जुना मुकादम सांगेल. फरक एवढाच की इथे ती सवय पुरत नाही, तिला मोजमाप लागतं.

त्या मानकावर पुस्तकात एक अख्खं प्रकरण आहे आणि ते योग्यच आहे, कारण आपल्या देशात पुनर्वापराच्या खडीला अधिकृत दार उघडलं ते तिथे. १९७० च्या आवृत्तीत खडी म्हणजे निसर्गातून आलेली खडी. २०१६ मध्ये दोन नवे प्रकार आले. पहिला, निव्वळ काँक्रीट फोडून केलेली खडी. दुसरा, विटा-गिलाव्यासकट मिश्र राडारोड्यातून आलेली. पहिल्या प्रकारची खडी साध्या काँक्रीटमध्ये २५ टक्क्यांपर्यंत, सळई असलेल्या काँक्रीटमध्ये २० टक्क्यांपर्यंत आणि तेही एम-२५ या ताकदीच्या प्रतीपर्यंतच. एम-१५ च्या खालच्या, कमी सिमेंटच्या पातळ (लीन) काँक्रीटमध्ये मात्र शंभर टक्के चालते. दुसऱ्या प्रकाराला त्या पातळ काँक्रीटपलीकडे प्रवेश नाही. आता वर सांगितलेला मिश्र ढीग आठवून पाहा. जी इमारत चार ढिगांत पाडली असती तर पहिल्या प्रकारची खडी देऊ शकली असती, ती ब्रेकरच्या एका आठवड्यात दुसऱ्या प्रकारात जाऊन बसते. ही पायरी चुकली की पुढच्या कुठल्याही यंत्राला ती परत चढता येत नाही.

वीस टक्क्यांची मर्यादा बरेच जण हसण्यावारी नेतात. एवढ्याने काय होणार, असं म्हणतात. एका घनमीटरमागे सव्वादोनशे किलो म्हणजे अगदीच थोडं नाही, आणि वीस टक्क्यांवर पाण्याचं ते ५५ लिटरचं ओझं अकरा लिटरवर येतं, जे साइटवर सांभाळता येतं. जगभरच्या चाचण्यांतून साधारण असं दिसतं की तीस टक्क्यांपर्यंत ताकदीत विशेष फरक पडत नाही. पूर्ण बदल केला तर ताकद दहा ते पंचवीस टक्के घटू शकते आणि आकुंचन वाढतं, स्थितिस्थापकता कमी होते. त्यामुळे मानक लिहिणाऱ्यांनी हात राखला असला तरी उगाच राखला नाही. एम-२५ च्या मर्यादेचा मात्र शहरांत वेगळा परिणाम होतो. आजचा चाळीस मजली टॉवर एम-४०, एम-६० च्या पुढच्या काँक्रीटचा असतो, म्हणजे ज्या चाळीच्या जागी तो उभा राहतो तिची खडी त्याच्या खांबांत जाऊच शकत नाही. मला त्याची फारशी खंत नाही. शहराला टॉवरचे खांब सोडून बाकी भरपूर काँक्रीट लागतं: पायाखालचं पीसीसी, गटारं, कर्ब, पेव्हर ब्लॉक, पार्किंगची जमीन, कुंपणाच्या भिंती. रस्त्याच्या थरांसाठी तर आयआरसी १२१ हे २०१७ चं स्वतंत्र मार्गदर्शन आहे.

ताकदीपेक्षा मला जास्त काळजी वाटते ती खडीबरोबर छुप्या येणाऱ्या पाहुण्यांची. पीओपीच्या फॉल्स सीलिंगमधून सल्फेट येतात. ती सिमेंटशी संयोग पावून आतल्या आत फुगतात आणि वर्षा-दोन वर्षांनी काँक्रीट तडकवतात. मुंबई, ठाणे, वसई भागातल्या अनेक जुन्या इमारतींत खाडीची रेती वापरलेली आहे. ती नीट धुतलेली नसेल तर तिच्यातलं मीठ आजही त्या काँक्रीटमध्ये आहे, आणि तिची खडी सळईच्या काँक्रीटमध्ये घातली तर गंजाचं बी पेरल्यासारखंच. चाळींच्या छपरांवरच्या जुन्या सिमेंटच्या पत्र्यांत ॲस्बेस्टॉस असतं. तो पत्रा ब्रेकरखाली आला तर खडीचं जे व्हायचं ते होईल, पण पाडणाऱ्या बिगाऱ्याच्या फुप्फुसांचं काय? या प्रत्येकावर उपाय आहे आणि तो पाडण्याआधीचाच आहे. आधी पत्रे उतरवा, मग सीलिंग, टाइल्स, प्लंबिंग, मग विटांच्या भिंती, आणि सगळ्यात शेवटी उघडा पडलेला खांब-तुळयांचा सांगाडा. शिवाय काँक्रीटचे नमुने काढून क्लोराइडची तपासणी. जगात याला पाडकामापूर्वीची पाहणी म्हणतात, आणि त्यात अवघड असं काही नाही.

मग होत का नाही? पुस्तकात या प्रश्नाला जनजागृतीचा अभाव असं उत्तर आहे. इथे माझा लेखकाशी मतभेद आहे. ठेकेदाराला सगळं ठाऊक असतं. घाईचं कारण पैशात आहे. रहिवासी घरं रिकामी करून गेले की विकासकाला दर महिन्याला प्रत्येकाचं भाडं द्यावं लागतं, कर्जाचं व्याज चढत असतं. जी इमारत पोकलेनने पंधरा दिवसांत सपाट होते ती थराथराने उतरवायला दीड-दोन महिने लागणार असतील, तर त्या जादा महिन्याच्या भाड्यात अख्ख्या राडारोड्याची किंमत अनेकदा बुडते. हा हिशेब बदलल्याशिवाय नुसती जागृती करून फार तर एखादं पोस्टर लागेल. हिशेब बदलण्याचे दोन मार्ग मला दिसतात. एक, पाडकामाचे दिवस आणि ढिगांची अट पुनर्विकासाच्या करारातच लिहायची, म्हणजे निविदा भरतानाच विकासक तो खर्च धरेल. दुसरा, मिश्र डंपर आणि निवडलेला डंपर यांच्यासाठी प्रकल्पाच्या फाटकावर इतका वेगळा दर लावायचा की निवड करणं परवडेल. पुस्तकाच्या परिशिष्टात पहिल्या मार्गासाठी कलमांचा नमुना दिला आहे. सोसायटीच्या सचिवांनी बाकी काही नाही तरी तेवढं वाचावं.

महाराष्ट्राची आणखी एक अडचण म्हणजे आपल्याकडे दगड फार चांगला आहे आणि फार जवळ आहे. जिथे माल मिळत नव्हता तिथे काय झालं पाहा. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या जर्मनीत सुमारे ४० कोटी घनमीटर ढिगारा साचला होता. बायका रांगेत उभ्या राहून हातांनी विटा साफ करत होत्या. बर्लिनमध्ये त्या ढिगाऱ्याची टेकडीच झाली आणि तिच्यावर आज लोक फिरायला जातात. पण जर्मनीत विटांच्या तुकड्यांचं काँक्रीट इतकं रूढ झालं की १९५१ मध्ये त्यासाठी वेगळं मानक करावं लागलं, कारण दुसरा माल मिळत नव्हता. नेदरलँड्समध्ये खडीचा दगड जवळपास नाहीच आणि कचरा पुरायला जमीनही नाही. त्यांनी १९९७ मध्ये पुनर्वापर होऊ शकणारा राडारोडा पुरण्यावर बंदी घातली आणि आज त्यांचा बहुतांश माल परत वापरात येतो. अर्थात त्यातला मोठा भाग रस्त्याखाली जातो, काँक्रीटमध्ये नाही. हे आपल्याकडच्या उत्साही भाषणांत सांगितलं जात नाही. झुरिकने २००५ पासून आपल्या सार्वजनिक इमारतींत पुनर्वापराचं काँक्रीट हाच नियम केला. जपानने तर तीन प्रती ठरवल्या, आणि सगळ्यात वरच्या प्रतीसाठी काँक्रीट ३०० अंशांपर्यंत तापवून दगडावरचा सिमेंटचा थर घासून काढायची पद्धत बसवली. तंत्राचं कौतुक आहेच, पण तेवढं इंधन जाळून मिळवलेल्या खडीचा मला मोह होत नाही.

याउलट पुण्यातून वाघोलीला किंवा मोशीला जा. तिथे दगडखाणी आणि क्रशर पिढ्यान्‌पिढ्या शहराला खडी पुरवत आले आहेत, आणि राडारोड्यावर प्रक्रिया करणारे दोन्ही महापालिकांचे प्रकल्पही त्याच वाघोलीला आणि मोशीला आहेत. एकाच रस्त्यावर एक डंपर ताजी खडी घेऊन शहराकडे निघालेला आणि दुसरा शहराची जुनी खडी घेऊन येणारा. शेजारी क्रशरवरचा काळा पाषाण स्वस्तात मिळत असताना प्रकल्पातली करडी, धुळकट दिसणारी खडी कोण घेणार? २०१६ च्या नियमांनी सरकारी कामांत असा माल दहा ते वीस टक्के वापरायला सांगितला. पण सरकारी कामात वस्तू वापरली जाते ती दरसूचीत तिची बाब असली, आणि अंदाजपत्रक करणाऱ्या कनिष्ठ अभियंत्याला ती बाब घेतल्याने लेखापरीक्षणात त्रास होणार नाही याची खात्री असली तरच. नियमाच्या राजपत्रातून कनिष्ठ अभियंत्याच्या टेबलापर्यंतचा प्रवास फार लांबचा असतो.

न्यायालयांनी मात्र मध्ये एकदा चांगलाच धक्का दिला होता. फेब्रुवारी २०१६ मध्ये देवनार आणि मुलुंडच्या कचराभूमींच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने मुंबईतल्या नव्या बांधकामांच्या परवानग्या रोखल्या. पुनर्विकासाला त्यातून सूट होती. दोन वर्षांनी, मार्च २०१८ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने निर्बंध सैल केले ते राडारोडा नेमका कुठे टाकणार हे दाखवायच्या अटीवर. बांधकाम व्यवसायाला ‘डेब्रिज’ हा शब्द वकिलाकडून ऐकावा लागला तो तेव्हा. आता मुंबई महापालिकेचे दहिसर आणि शीळफाटा इथे दिवसाला प्रत्येकी ६०० टनांचे प्रकल्प आहेत, दिल्लीत बुराडीचा प्रकल्प २००९ पासून चालू आहे, अहमदाबादमध्येही काम चाललं आहे. २०२५ मध्ये नवे नियम निघाले, ते १ एप्रिल २०२६ पासून लागू; त्यांत २०,००० चौरस मीटर आणि त्यापुढच्या प्रकल्पांवर विस्तारित उत्पादक जबाबदारी, म्हणजे आपल्याच राडारोड्याची जबाबदारी, टाकली आहे. आपली सोळा फ्लॅटची बिल्डिंग या जाळ्याच्या खालून निसटते, आणि शहरात राडारोडा करणाऱ्या बिल्डिंगा बहुतेक तिच्याच आकाराच्या असतात.

मोठ्या आकाराचं एक उदाहरण मात्र मला सारखं खुणावतं. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी इथल्या बीडीडी चाळी, एकूण २०७ इमारती, १९२० च्या दशकात मुंबईच्या विकास खात्याने सलोह काँक्रीटमध्ये बांधल्या. एका काळात, एका खात्याने, एकाच नमुन्यावर बांधलेला एवढा माल देशात दुसरीकडे क्वचितच सापडेल. एका इमारतीचे नमुने तपासले की शेजारच्या दहांचा अंदाज येतो. या खडीला कुळी आहे. नोएडाचे जोड-टॉवर २८ ऑगस्ट २०२२ रोजी ३,७०० किलो स्फोटकांनी काही सेकंदांत खाली आले आणि सुमारे ८०,००० टनांचा ढीग पडला, तो देशाने टीव्हीवर पाहिला. पण शिकण्यासारखं जास्त आहे ते अशा शंभर वर्षांच्या चाळींत, जिथे सावकाश, एकेक विंग उतरवता येते.

पर्यावरणाच्या बाजूने एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी, कारण पुस्तकात ती जरा घाईत आटोपली आहे. काँक्रीटचा कार्बन मुख्यतः सिमेंटचा. एक टन सिमेंटमागे साधारण ८०० ते ९०० किलो कार्बन डायऑक्साइड सुटतो. एक टन फोडलेल्या खडीमागे जेमतेम काही किलो. म्हणजे घनमीटरभर काँक्रीटमधली सगळी खडी फुकट मिळाली तरी कार्बनची बचत पाच-सात किलोंची. आणि खडी हलकी निघाली म्हणून खबरदारीला कुणी वीस किलो सिमेंट जास्त टाकलं, तर सोळा-अठरा किलोंचा उलटा खर्च. तेव्हा ही खडी हवामानासाठी वापरा असं म्हणू नये. ती वापरायची ती पोखरलेल्या डोंगरांसाठी, भरलेल्या नदीपात्रांसाठी आणि शहराबाहेर धावणाऱ्या डंपरांसाठी. प्रकल्प पन्नास किलोमीटरवर असला तर तोही फायदा डिझेलमध्ये जातो; म्हणून शहरात लहान लहान, फिरते क्रशर हवेत, असं लेखक म्हणतो आणि तिथे मी पूर्ण त्याच्या बाजूने आहे.

आपल्याकडचं जुनं बांधकाम या बाबतीत नकळत शहाणं होतं. वाडा उतरवला की दगड, सागवान, विटा दुसऱ्या वाड्यात जायच्या. विटा शाबूत निघायच्या कारण चुन्याचा मसाला विटेपेक्षा मऊ. ठोकलं की सांधा सुटतो, वीट राहते. फुटक्या विटांची सुरखी करून ती परत चुन्यात जायची. सिमेंटचा मसाला विटेपेक्षा कणखर झाला आणि तेव्हापासून भिंत पाडताना सांधा टिकतो, वीट फुटते. ज्या गुणासाठी आपण सिमेंट घेतलं त्यानेच पुनर्वापर महाग केला. चुन्याकडे परत जा असं कुणी म्हणणार नाही, पण नव्या इमारतीच्या भिंती ब्लॉकच्या, सुट्या पॅनेलच्या करताना त्या पुढे कशा निघतील याचा विचार आराखड्यात करता येतो. नव्या पिढीच्या वास्तुविशारदांनी पुस्तकाचं सहावं प्रकरण त्या नजरेने वाचावं.

एका विषयाला मात्र या पुस्तकात फक्त दोन पानं मिळाली आहेत: बारीक चुरा. काँक्रीट फोडताना जुनं सिमेंट सगळ्यात आधी सुटतं आणि ४.७५ मिलिमीटरच्या चाळणीखाली जमा होतं. त्यामुळे हा चुरा खडीपेक्षा कितीतरी जास्त पाणी पितो आणि काँक्रीटमध्ये सगळ्यात जास्त त्रास देतो. मानकाने त्यालाही मर्यादित परवानगी दिली आहे, पण साइटवर त्याला कुणी हात लावत नाही. ओल्या पद्धतीच्या प्रकल्पांत माल धुतला की वाळू बरी मिळते, पण खाली गाळ उरतो. तो दाबून त्याचे केक करतात, ते वाळत ठेवतात, आणि खड्डे भरण्यापलीकडे त्याला अजून चांगलं गिऱ्हाईक मिळालेलं नाही. पुढची आवृत्ती निघेल तेव्हा लेखकाने या गाळावर पूर्ण प्रकरण लिहावं.